पोरगी पूर्ण बाह्यांचा ड्रेस सोडंना (गलाईच्या घरातल्यांनी, परमुलखात वाढलेल्या पोरांच्या आईबापांनी वाचा)

खानापूरची_सून | रविवार, रात्री ११:४२

नमस्कार सगळ्यांना. पहिल्यांदाच लिहितेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. नाव गाव सांगत नाही, खानापूर तालुका एवढं पुरे. आमचं गलाईचं. मिस्टर लग्नाच्या आधीपासून तमिळनाडूत, सेलमकडं, तिथं दुकान आहे, सोनं-चांदी आटवायचं, टंच म्हणजे सोन्याची शुद्धता काढून द्यायची. मी लग्न करून गेले ते सतरा वर्षं तिथंच. थोरली तिथंच जन्मली, आता दहावीत आहे, धाकटा सहावीत. टेंभूचं पाणी आलं तसं सासऱ्यांनी डाळिंब लावलं पण आता त्यांना होईना, म्हणून मागच्या वर्षी जूनमध्ये मी आणि पोरं गावी आलो, मिस्टर तिकडंच.

मागच्या आठवड्यात घरात लग्न होतं म्हणून आम्ही सगळ्या बायका कासाराकडं बांगड्या भरायला गेलो. सगळ्यांच्या भरून झाल्या, ही हात पुढं करंना. एवढ्या उकाड्यात पण हिचा आपला मनगटापर्यंत बाह्यांचा ड्रेस. मला वाटायचं लाजते, नवीन गाव आहे. कासारीणमावशींनी हसत हसत हात धरला, बाही दोन बोटं वर सारली आणि थांबल्या. परत खाली ओढली. मला म्हणाल्या, हिच्या मापाच्या आज संपल्यात, बांधून देते, घरी भरा. माप तर समोरच पडलं होतं. मला तेव्हाच कळलं काहीतरी आहे.

घरी आल्यावर बघितलं. हातावर खुणा, काही जुन्या, काही नव्या. जास्त लिहीत नाही.

मी पहिलं काय केलं तर ओरडले. तुला काय कमी केलं आम्ही, बाप तिकडं भट्टीपुढं बसतोय ते कुणासाठी, असलं सगळं. ती फक्त म्हणाली, ओण्णुमिल्ल. म्हणजे काही नाही. तमिळमध्ये म्हणाली, आणि सासूबाई मागून म्हणाल्या, बघ, अजून त्याच भाषेत बोलती.

आता घरात चार जणांची चार मतं. सासूबाई म्हणतात बाहेरचं आहे, अमावास्येला देवऋष्याकडं न्यायचं. मिस्टर फोनवर म्हणाले मोबाईल काढून घे. दीर म्हणाले कुठं बोलू नका, पुढं स्थळ यायचं नाही. सासरे काहीच बोलंनात, बागेत जाऊन बसतात.

शाळेत तिला मद्रासी म्हणतात. मराठी बोलती पण ती झाड, तो खिडकी असं होतं, मग वर्गभर हसतात. तिकडं होतो तेव्हा तिथली पोरं वडक्कन म्हणायची, म्हणजे उत्तरेकडचे. तिकडं रडायची तेव्हा मीच सांगायचे की आपलं गाव आहे ना, तिथं कुणी असं म्हणणार नाही. हे आठवलं की मला झोप लागत नाही.

आणि अजून एक. मला तमिळ बोलायला जेमतेम, वाचायला अजिबात येत नाही. बँक, रेशन, दवाखाना, सगळीकडं हीच बोलायची, आठ वर्षांची असल्यापासून. माझं गर्भपिशवीचं ऑपरेशन ठरलं तेव्हा डॉक्टरीणबाईंचं बोलणं हिनंच मला सांगितलं, अकरा वर्षांची होती. तिला शब्द माहीत नव्हता, म्हणाली, आई, तुझ्या पोटातली पिशवी काढणार आहेत, आणि त्या म्हणतात घाबरू नको. मग मीच घाबरले आणि ती मला समजावत बसली. आम्ही सगळ्यांना कौतुकानं सांगायचो की पोरगी किती हुशार.

पहिलं काय करू? दवाखान्यात नेलं तर पोलीस केस होते का? शाळेत सांगू का नको?

मिरज_स्टाफनर्स | सोमवार, सकाळी ६:१५

ताई, नाईटवरून आले आणि तुमचा धागा बघितला. आधी पोलिसांचं सांगते, कारण या एका भीतीपायी लोक पेशंट घरात ठेवतात. उपचाराला नेलं म्हणून पोरीवर गुन्हा दाखल होत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम ११५ आहे, त्यात जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस प्रचंड ताणाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा नाही, उलट त्याची काळजी घेणं सरकारचं काम आहे. जीव द्यायचा प्रयत्न केला म्हणून शिक्षा देणारं जुनं ३०९ कलम १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता आली तेव्हा तशा रूपात राहिलंच नाही. आणि तुमच्या पोरीनं जे केलंय ते बहुतेकदा जीव द्यायला केलेलं नसतंच. मन इतकं भरून येतं किंवा इतकं सुन्न होतं की शरीराला दुखवून घटकाभर मोकळं वाटतं. पण म्हणून किरकोळ समजू नका, अशा मुलांना पुढं जिवाचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो.

आज करायचं म्हणजे जखम बघा, सूज, पू, ताप असेल तर लगेच दाखवा. मग शांतपणे एकटीला विचारा, अगदी सरळ, तुला मरून जावं असं वाटतं का. विचारल्यानं डोक्यात येतं हा गैरसमज आहे, उलट कुणीतरी विचारलं याचंच पोरांना बरं वाटतं. हो म्हणाली, किंवा कसं करायचं हे ठरवलंय असं वाटलं, तर त्या दिवशी तिला एकटं सोडू नका, थेट सिव्हिलला या, सांगलीला किंवा मिरजेला, मानसोपचार विभाग आहे.

परत करणार नाहीस अशी शपथ घालू नका. आईची शपथ मोडली की पोरगी अजून लपवायला शिकते.

आणि तुमची डाळिंबाची बाग आहे म्हणून हात जोडून सांगते, फवारणीची औषधं आज कुलपात घाला. सासऱ्यांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या पण. मी कॅज्युअल्टीला काय काय बघितलंय ते इथं लिहीत नाही. हातात सापडलं नाही तर ती वाईट वेळ टळते आणि पोरं वाचतात.

फोनवर आधी बोलायचं असेल तर टेलिमानस, १४४१६. सरकारी आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू, फुकट, चोवीस तास. त्यात भाषा निवडता येते. मराठी आहे आणि ताई, तमिळ पण आहे.

माण_खटाव_पैलवान | सोमवार, सकाळी ९:०३

राग मानू नका वहिनी, पण हे सगळं लाडानं झालंय. आम्ही दुष्काळात चारा छावणीवर शाळा केली, बाप वर्षातून एकदा मुंबईहून यायचा, आम्हाला असलं सुचलं पण नाही. मोबाईल काढून घ्या, पहाटे उठवून बागेत न्या, घाम गाळला की डोकं ठिकाणावर येतं. आणि ते मद्रासी बोलणं आधी बंद करा. घरात मराठीच बोलायचं म्हणावं. भाषा सुधारली की पोरं हसायची थांबतील, विषय संपला.

आटपाडी_ते_त्रिशूर | सोमवार, दुपारी १:३०

पैलवान दादा तुमचा मान राखून सांगतो, माझ्यावर हाच इलाज झालाय. मी पण गलाईचा, केरळात वाढलो, वय आता सव्वीस. नववीत असताना मला शिकायला आटपाडीला काकांकडं पाठवलं. घरात मल्याळममध्ये एक शब्द बोललो की काकी म्हणायच्या बाटलास तू. वर्गात मास्तर मला उभं करून वाचायला लावायचे, ळ आणि ल वरून सगळे हसायचे. मोबाईल काढून घेतला होता, त्यात माझे सगळे जुने मित्र होते, म्हणजे ज्यांच्याशी मी न अडखळता बोलू शकत होतो ती सगळी माणसं एका दिवसात गेली. मग मी बोलणंच बंद केलं. घरच्यांना वाटलं पोरगं शांत झालं, सुधारलं. त्याच सहा महिन्यांत मी स्वतःला काय काय केलं ते कुणालाच कळलं नाही.

ताई, तुमच्या पोरीची मराठी कच्ची आहे हे खरं, पण तिचं रागावणं, रडणं, स्वप्न बघणं तमिळमध्ये होत असणार. ती भाषा बंद केली तर तिच्याकडं दुखलं हे सांगायला शब्दच राहणार नाहीत. ओण्णुमिल्ल म्हणाली ना, ते खरंतर ती तुमच्याशी बोलली, असं समजा.

मला बाहेर काढलं आजोबांनी. एकदा बैलांना वैरण घालताना म्हणाले, तुझ्या तिकडं गवताला काय म्हणतात रं. मी म्हटलं पुल्लु. मग बैलाला, विहिरीला, पावसाला. रोज एक विचारायचे आणि दुसऱ्या दिवशी मुद्दाम चुकीचं म्हणायचे, मी दुरुस्त करायचो. घरात मला काहीतरी येतंय असं मानणारा तो एकच माणूस. तीन आठवड्यांनी मी त्यांना बाही वर करून दाखवली. ते काही बोलले नाहीत, धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि बाबांना फोन करून इकडं ये म्हणाले. बाबा दुकान बंद करून आले. तीन दिवस दुकान बंद म्हणजे काय हे गलाईवाल्यांना सांगायला नको.

सासरे बागेत जाऊन बसतात म्हणालात ना. तिला त्यांच्याबरोबर पाठवून बघा. कामाला नाही, नुसतं.

धागा_व्यवस्थापक | सोमवार, दुपारी २:१०

सगळ्यांना विनंती, कशानं, कसं, याचे तपशील कुणीही लिहू नका, इथं शाळकरी मुलंही वाचतात. वरच्या एका प्रतिसादातल्या दोन ओळी काढल्या आहेत. ओळख पटेल असं गावाचं किंवा शाळेचं नावही नको.

वारणाकाठ_मँचेस्टर | सोमवार, रात्री १०:५५

मी मूळचा वाळवा तालुक्यातला, गेली बारा वर्षं इथं इंग्लंडमध्ये एका हॉस्पिटलात काम करतो, डॉक्टर नाही पण या विषयाशी रोजचा संबंध येतो. इथं ज्यांना एथ्निक मायनॉरिटी म्हणतात त्या घरांतल्या मुलामुलींवर बरंच काम झालंय. ते आकडे त्या त्या देशाचे, उचलून खानापूरला लावायचे नाहीत, पण ताई, तुमचं लिहिलेलं वाचताना मला सारखं तेच आठवत होतं.

मँचेस्टर, ऑक्सफर्ड आणि डर्बी या तीन शहरांतल्या हॉस्पिटलांत स्वतःला इजा करून आलेल्या लोकांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. तिन्ही शहरांत सोळा ते चौतीस वयाच्या कृष्णवर्णीय तरुणींचं प्रमाण सगळ्यात जास्त निघालं. दक्षिण आशियाई तरुणांचं, म्हणजे आपल्यासारख्यांचं, शहरागणिक वेगवेगळं होतं. पण मला त्यातली खरी लागलेली गोष्ट वेगळी आहे. अल्पसंख्य समाजातल्या पेशंटची मानसोपचाराची तपासणी गोऱ्यांपेक्षा कमी वेळा झाली होती. मलमपट्टी झाली आणि घरी. म्हणून तुम्ही सिव्हिलला गेलात तर जखमेवर थांबू नका, मानसोपचारवाल्यांनी बघितल्याशिवाय निघायचं नाही.

अमेरिकेत स्पॅनिश बोलणाऱ्या घरांतल्या मुलींमध्ये आत्महत्येच्या प्रयत्नांचं प्रमाण बरीच वर्षं गोऱ्या मुलींपेक्षा जास्त दिसत आलंय. तिथल्या संशोधकांनी मायलेकींवर लक्ष दिलं. ज्या मुलींनी असा प्रयत्न केला त्यांच्यात आणि आयांमध्ये एकमेकींचं ऐकून घेणं, एकमेकींना कळणं कमी होतं. त्या आया वाईट नव्हत्या हो, राबणाऱ्याच होत्या. घरासाठी सगळं करायचं, स्वतःचं मागं ठेवायचं, हे आईनं केलं, मुलीनंही तेच करावं ही अपेक्षा, आणि मुलगी मात्र बाहेर दुसऱ्याच जगात वाढत होती. मुलांनी आईबापासाठी दुभाष्याचं काम करायचं, यावरही तिकडं वेगळा अभ्यास झालाय. काही मुलांना त्याचा अभिमान वाटतो, पण दवाखान्यातलं, कर्जाचं, घरातल्या भांडणाचं असं मोठ्यांचं बोलणं पोरांच्या तोंडून गेलं की त्याचं ओझं होतं. तुमची पोरगी अकराव्या वर्षी तुमची भीती तुम्हाला सांगून परत तुम्हालाच समजावत होती. मग तिची भीती तिनं कुणाला सांगायची?

भाषेचं म्हणाल तर कॅनडात ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या आदिवासी वस्त्यांचा अभ्यास आहे, २००७ चा. ज्या थोड्या वस्त्यांत निम्म्याहून जास्त लोकांना आपल्या भाषेत बोलता येत होतं तिथं तरुणांच्या आत्महत्या जवळजवळ शून्यावर होत्या. शेजारच्या काही वस्त्यांत हेच प्रमाण देशाच्या कितीतरी पट. भाषा हे औषध आहे असं यावरून म्हणता येत नाही, पण जिथं माणसांनी आपलं ते धरून ठेवलं तिथं पोरं टिकली.

माण_खटाव_पैलवान | सोमवार, रात्री ११:२०

मग मी तेच म्हणतोय की. आपली भाषा. मराठी.

आटपाडी_ते_त्रिशूर | सोमवार, रात्री ११:३४

दादा तिची आपली भाषा दोन आहेत. त्यातली एक तुम्ही काढून घ्यायला सांगताय.

साताऱ्याची_सिस्टर | मंगळवार, सकाळी ७:४८

मी पारधी समाजातली. साताऱ्यात होस्टेलला राहून नर्सिंग केलं. इथं सगळे घरच्यांवर बोलताय, आई कुठं चुकली, काकी कुठं चुकली. मला वेगळं सांगायचंय.

माझ्या आईबापानं मला कधी एक चापट मारली नाही. बाप मला सायकलवर बसवून शाळेला सोडायचा. पण गावात चोरी झाली की रात्री दोनला आमच्या पालावर पोलिसांची गाडी यायची, बापाला न्यायचे, आणि सकाळी मी त्याच गावातल्या पोरींच्या शेजारी बसायचे. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून आम्हाला जन्मानं गुन्हेगार ठरवलं, तो कायदा गेला, ३१ ऑगस्ट १९५२ ला आम्ही विमुक्त झालो. कागदावर. वर्गात पेन हरवला की अजून माझ्याकडंच बघायचे. घर कितीही चांगलं असलं तरी रोज बाहेरून हे ऐकलं की पोरगं ते खरं मानायला लागतं आणि स्वतःचाच राग स्वतःवर काढतं. होस्टेलला आमच्या खोलीत आम्ही चौघी होतो, त्यातल्या दोघींच्या हातावर तसल्या खुणा होत्या.

घरानं काय होतं ते पण सांगते. एकदा मी बापाला म्हटलं, मला शाळा नको, मला आपली लाज वाटते. वाटलं आता मार बसणार. तो म्हणाला, वाटू दे, लाज वाटली तरी घरी येत जा. एवढंच. त्या वाक्यावर मी होस्टेलची चार वर्षं काढली.

म्हणून ताई, पोरीला बदलायच्या आधी मद्रासी म्हणणाऱ्यांचं बघा. शाळेत जा. ती कमकुवत नाही, तिला रोज मारलं जातंय, फक्त हातानं नाही.

जतचे_गुरुजी | मंगळवार, संध्याकाळी ८:०५

शाळेत सांगावे का हा प्रश्न राहून गेला म्हणून लिहितो. आमच्या जत तालुक्यात कितीतरी मुलांच्या घरी कन्नड आणि शाळेत मराठी, त्यामुळे हे रोज समोर असते. माझे मत, सांगा, पण एकाच शिक्षकाला. स्टाफरूममध्ये गेले की गावात गेले. तिला विचारा, कोणत्या सरांशी किंवा मॅडमशी बोललेले चालेल. ती म्हणेल त्यांच्याकडे तुम्ही एकट्या जा, आधी चिडवण्याचे सांगा, जखमांचे तिची परवानगी घेऊनच.

आणि वर्गात हसणे शिक्षकाच्या एका कृतीने थांबते, हे अनुभवाने सांगतो. मी कन्नड घरातल्या एका मुलाला फळ्यावर मराठी शब्दांशेजारी कन्नड शब्द लिहायला लावले. अडकित्ता, अण्णा, अक्का ही तिकडूनच आलेली. पोरे घरी जाऊन आज्यांना विचारायला लागली. तो मुलगा पुढे बोलका झाला असे म्हणणार नाही, पण मधल्या सुट्टीत एकटा बसायचा थांबला.

खानापूरची_सून | तीन आठवड्यांनी, शनिवार, रात्री १०:१७

सगळ्यांचे आभार कसे मानू. उशीर झाला, मधले दिवस कसे गेले ते माझं मला माहीत.

त्या सोमवारी रात्रीच विचारलं. मिरजेच्या सिस्टरनी सांगितलं तसं सरळ. माझेच हात कापत होते. बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, मरायचं नाही, पण सकाळी उठायचं पण नसतं. मी ओरडले नाही. आमच्या दोघींच्या मोडक्या भाषेत दोन वाजेपर्यंत बोललो, ती तमिळमध्ये, मी मराठीत. दुसऱ्या दिवशी तिनंच टेलिमानसला फोन लावला, तमिळ निवडलं, मी दाराबाहेर बसले होते, आतून रडल्याचा आवाज येत होता आणि मग चक्क हसल्याचा पण आला. नंतर सिव्हिलला गेलो. मलमपट्टीवर थांबलो नाही, मँचेस्टरच्या दादांचं लक्षात होतं. डॉक्टरांनी दर आठवड्याला बोलायला बोलावलंय, गोळी सध्या तरी नाही.

मिस्टर आले. पाच दिवस होते. पहिल्या दिवशी तिच्याशी बोललेच नाहीत, नुसते तिच्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसले. दुसऱ्या दिवशी तमिळमध्ये काहीतरी म्हणाले, मला कळलं नाही, दोघं हसली. सासूबाई देवऋष्याचं अजून काढतात. दीर बोलत नाहीत माझ्याशी. औषधांची खोली सासऱ्यांनी स्वतः बंद केली आणि किल्ली करदोट्याला बांधली.

जतच्या गुरुजींनी सांगितलं तसं शाळेत एकाच मॅडमकडं गेले. दोन पोरींना त्यांनी बोलावून समज दिली, एक थांबली, दुसरी नाही. खोटं कशाला सांगू, मधे एकदा परत झालं. पण यावेळी तिनंच येऊन सांगितलं, डेटॉल दे म्हणाली.

माण_खटाव_पैलवान | शनिवार, रात्री १०:४०

वहिनी, कीटकनाशकाच्या कपाटाला मी पण त्याच दिवशी कुलूप घातलं. माझी पण दोन आहेत. बाकी मोबाईलबद्दल माझं मत तेच आहे.

आटपाडी_ते_त्रिशूर | शनिवार, रात्री १०:५२

परत झालं आणि तिनं येऊन सांगितलं, ताई, यात केवढं काय आहे ते आत्ता तुम्हाला कळणार नाही. पुढच्या वेळी डॉक्टरांना तेवढं नक्की सांगा, लपवू नका.

साताऱ्याची_सिस्टर | रविवार, सकाळी ६:३०

ती दुसरी पोरगी थांबेपर्यंत मॅडमकडं जात राहा. तोंडी सांगून होत नसेल तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

खानापूरची_सून | रविवार, दुपारी ३:२६

अर्ज उद्याच देते. तिनंच लिहिलाय मराठीत, मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघितलं.

आणि एक सांगायचं राहिलं. मी तिला म्हटलं, सतरा वर्षं तिथं काढली, मला बसवरची पाटी वाचता येत नाही, शिकवतेस का. आधी म्हणाली, आता कशाला. मग धाकट्याची जुनी पाटी घेऊन आली. रोज संध्याकाळी दिवाबत्ती झाली की ओट्यावर बसतो. मी चुकले की माझा हात धरून गिरवून घेती, त्या वेळी बाही वर जाती, ती खाली ओढत नाही, मी पण बघत नाही. काल ई पर्यंत आलोय.